‘ज्ञानाचा अभाव’ लिहिण्याआधी वजाबाकी करून बघ

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सध्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात फील्ड पोस्टिंगला आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा: “मॅडम, ओरेमची सेल्फ-केअरची, म्हणजे स्वकाळजीची, थिअरी मी पाठ केली, केअर प्लॅनही लिहिला. पेशंट पन्नाशीची बाई आहे, शुगर आहे, उजव्या पायाच्या तळव्याला जखम आहे. ‘ज्ञानाचा अभाव’ असं नर्सिंग डायग्नोसिस लिहून तीनदा हेल्थ एज्युकेशन दिलं. चौथ्यांदा गेले तर बाई वावरातून अनवाणीच येत होती. वर मलाच म्हणते, ‘सिस्टर, तुमीच पट्टी करून द्या न.’ अमेरिकेतली ही थिअरी आपल्या गावात चालते तरी का?”

चालते. पण तू ती अजून वापरलेलीच नाहीस, फक्त तिचं नाव केअर प्लॅनवर लिहिलं आहेस. रागावू नकोस. माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली.

उद्या जाशील तेव्हा त्या बाईला काहीही सांगू नकोस. तिलाच विचार, शुगरवाल्यानं पाय कसे सांभाळायचे? चप्पल घालायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, नखं सरळ कापायची, गरम पाण्यात पाय घालायचे नाहीत, असं सगळं ती धडाधड म्हणून दाखवेल. तीनदा ऐकलंय तिनं, आणि तुझ्याआधीच्या बॅचच्या मुलींकडूनही ऐकलं असेल. मग अभाव ज्ञानाचा कसा?

अमेरिकेतल्या नर्स डोरोथिया ओरेम यांना हा सगळा विचार कुठे सुचला ते लक्षात ठेव, म्हणजे थिअरीचं टोक कुठे आहे ते कळेल. जन्म 1914 चा, बाल्टिमोरचा. 1949 ते 1957 त्या इंडियाना राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या आणि राज्यभरच्या रुग्णालयांतली परिचर्या सुधारायचं काम करत होत्या. नंतर वॉशिंग्टनला सरकारी खात्यात प्रॅक्टिकल नर्सचा अभ्यासक्रम आखायचं काम आलं. ढोबळ मानानं आपल्या एएनएमसारख्या, म्हणजे सहायक नर्स होणाऱ्या, मुलींचा अभ्यासक्रम म्हण. काय शिकवायचं हे ठरवायला बसल्यावर त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न आला: माणसाला नर्स नेमकी कधी लागते? आजारी पडला की लागते, असं नाही. आजारी माणसं रोज घरीच बरी होतात. डॉक्टर लागला की नर्सही लागते, असंही नाही. तब्येतीच्या कारणानं स्वतःची जेवढी आणि जशी काळजी घ्यायला हवी, तेवढी माणसाला स्वतःला जमत नाही, तेव्हा नर्स लागते. लहान मूल असेल तर आईबापाला जमत नाही तेव्हा. अभ्यासक्रमाचं ते काम 1959 मध्ये छापून आलं आणि पूर्ण मांडणीचं पुस्तक 1971 मध्ये. म्हणजे ही थिअरी मुळात तुझ्यामाझ्यासारख्यांना कामाला लावताना जन्मली. परीक्षेतल्या सात मार्कांसाठी ती कोणी लिहिली नव्हती.

मी मुलींना ती वजाबाकी म्हणून शिकवते. वर लिहायचं, या माणसाला आज काय काय करणं भाग आहे. खाली लिहायचं, त्यातलं त्याला काय जमतं. जे उरेल ते आपलं काम, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. पुस्तकात वरच्या रकमेला थेरप्युटिक सेल्फ-केअर डिमांड म्हणतात, खालच्या रकमेला सेल्फ-केअर एजन्सी आणि बाकीला सेल्फ-केअर डेफिसिट. सर्वांना लागणाऱ्या आठ गरजा, वयाप्रमाणे बदलणाऱ्या गरजा, आजारपणामुळे वाढलेल्या गरजा, ही यादी तुला पाठ आहे. ती इथे परत लिहीत नाही.

गडबड खालच्या रकमेत होते. ‘क्षमता’ म्हटलं की आपण ‘माहिती आहे का’ एवढंच बघतो. ओरेमनी स्वकाळजीच्या कृतीचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी आपल्याला काय होतंय ते ओळखणं, मग काय करायचं ते ठरवणं आणि शेवटी प्रत्यक्ष करणं. तुझ्या बाईला या तिन्ही टप्प्यांवर एकेक करून बघू.

ओळखणं. तिच्या तळव्याला संवेदना आहे का, हे तू तपासलंस का? केअर प्लॅनमध्ये दिसत नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, प्राथमिक आरोग्य केंद्रात असेल तर तो ने, नसेल तर डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा लावून बघ. शुगरनं पाय बधिर झाला असेल तर पऱ्हाटीचं धसकट रुतलं तरी तिला कळणार नाही. माझ्या एका पेशंटबाईला जखम झाल्याचं कळलं ते पायावर माशा घोंघावायला लागल्यावर. दुखणं हा आपल्या अंगातला पहारेकरी आहे आणि हिचा पहारेकरी झोपलाय. त्याच्या जागी डोळे हवेत. पण पन्नाशीत जवळचं धूसर दिसतं, गुडघा पुरता वळत नाही, तळवा वर करून बघता येत नाही. ‘रोज पाय तपासा’ हे तिला शंभरदा सांग, ती तपासणार कशानं?

ठरवणं. कापूस वेचणी सुरू आहे आणि मजुरी किलोवर मिळते. जखम भरायला त्या पायावरचा भार काढायला हवा, हे पुस्तक सांगतं. ती म्हणेल, “पाय वर घेऊन बसली त घर कोण चालवन?” याला अज्ञान म्हणायचं नसतं. तिनं हिशेब केलाय, आणि तो बरोबर आहे. ओरेमनी क्षमतेवर परिणाम करणारे जे दहा घटक सांगितले, त्यांत वय, तब्येत, कुटुंब, राहणीमान आणि परिसर यांच्याबरोबर हाताशी असलेली साधनंही आहेत. मुली ते दहा घटक पहिल्या पानावर ‘हिस्टरी’ म्हणून भरतात आणि पुढे प्लॅन लिहिताना त्यांच्याकडे बघतही नाहीत.

करणं. चप्पल. काळ्या मातीत ओल असली की चप्पल दोन पावलांत ढेकूळ होते, म्हणून बाया ती धुऱ्यावर काढून ठेवतात. घरी आली की दारात काढायची, चुलीपाशी चप्पल चालत नाही. म्हणजे दिवसभरात ती बाई चप्पल घालते फक्त रस्त्यावर. बधिर पायांसाठी कुष्ठरोग्यांना देतात ती एमसीआर रबरची मऊ चप्पल देऊन बघावी म्हणशील, तर आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. वर्धा-चंद्रपूरकडे कुष्ठरोगाचं काम एवढं जुनं आहे की गावातली माणसं ती चप्पल लांबून ओळखतात. शुगरची बाई ती घालायला लाजते, कारण शेजारीण विचारते, ‘तुले कधीपासून?’ वरून साधा पट्टा लावून घेतला की चप्पल अंगवळणी पडते. मोची हे काम करून देतो, फक्त तळ बदलू नकोस म्हणून त्याला बजावून सांगावं लागतं. घरात घालायला वेगळी, रस्त्यावर कधीच न नेलेली कोरी चप्पल असेल तर बहुतेक सासवाही चुलीपाशी चालवून घेतात. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, एका सासूनंच सांगितलं.

आता तिचं ते वाक्य बघ, जे तू तक्रार म्हणून लिहिलंस: “तुमीच पट्टी करून द्या न.” जखम तळव्याला आहे. तिला दिसत नाही, हात पोचत नाही, पोचला तरी एका हातानं पट्टी बांधता येत नाही. म्हणजे तिनं तुझ्यापेक्षा बरोबर वजाबाकी केली होती. पट्टी तूच करायचीस, किंवा घरातल्या कोणाला तरी शिकवून त्या माणसाकडून करून घ्यायचीस. आणि एवढं पक्कं लक्षात ठेव: जखमेभोवती लाली पसरत असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा बोट काळं पडत असेल, तर थिअरी बाजूला ठेवून त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठव.

माझी एक चूक सांगते. मी नवी असताना एका शेतमजुराला इन्सुलिन घ्यायला शिकवलं होतं. वीस युनिट, सकाळ-संध्याकाळ. त्याची सगळी उत्तरं बरोबर आली. महिनाभरानं शुगर बेसुमार वाढलेली. मी केस पेपरवर लिहिलं, ‘औषध अनियमित’. तो शपथा घेत होता, मी ऐकत नव्हते. शेवटी वैतागून म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यानं पिशवीतून सिरिंज काढली, तर टोपण नारिंगी. आपल्याकडच्या बाटलीत एक मिलीला चाळीस युनिट असतात, तिला लाल टोपणाची चाळीसची सिरिंज लागते. दुकानदारानं त्याला शंभरची दिली होती. तिच्यावर वीसच्या रेघेपर्यंत भरलं की 0.2 मिली येतं, म्हणजे चाळीसच्या बाटलीतलं औषध आठच युनिट. महिनाभर तो इमानानं आठ युनिट टोचत होता आणि मी त्याला खोटं ठरवत होते. उलट घडलं असतं, शंभरच्या बाटलीला चाळीसची सिरिंज, तर अडीच पट डोस जाऊन माणूस वावरातच पडला असता. तेव्हापासून मी ‘समजलं का?’ विचारणं सोडलं. ‘करून दाखवा’ म्हणते, आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच सामानानं. बाटली कुठे ठेवता तेही बघते. फ्रिज नसेल तर डबीत बंद करून, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, सावलीला. पत्र्याच्या घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली बाटली मे महिन्यात टिकत नाही. आणि वावरात जाताना खिशात गुळाचा खडा, शुगर एकदम उतरली तर.

आतापर्यंत मी ‘तू जास्त कर’ या बाजूनं बोलले. पण आपल्याकडे दुसरी चूक जास्त होते, आणि ती चूक म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचं नाव सेवा.

लकवा मारलेले एक काकाजी होते, उजवी बाजू गेलेली. दवाखान्यातले पहिले दिवस पूर्ण आपल्या हातचे असतात. कूस बदलणं, तोंड धुणं, लघवीची नळी, नाकातल्या नळीनं अन्न, सगळं आपणच करायचं. ओरेमनी नर्सिंगचे तीन प्रकार सांगितले, त्यातला हा पहिला. पुस्तकात त्याला होली (wholly) कॉम्पेन्सेटरी म्हणतात, म्हणजे सगळी भरपाई नर्सनं करायची. मग ते बसायला लागले, गिळता यायला लागलं, डावा हात तर पहिल्यापासून चांगला होता. घरी गेले. दोन महिन्यांनी मी भेटीला गेले तर काकाजी खाटेवर आडवे आणि सून कुस्करलेली भाकर-वरण भरवतेय. पाठीखाली लाल चट्टा पडायला लागलेला. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

सुनेला म्हटलं, त्यांना त्यांच्या हातानं जेवू दे. ती म्हणाली, “मामाजीले भरवलं नाही त गावातले लोक काय म्हणतीन?” काकाजींना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डाव्या हातानं जेवू का सिस्टर? अन्नाचा अपमान होते.”

मी तोवर त्यांची ताकद तपासली होती, पकड तपासली होती, गिळणं तपासलं होतं. हात कोणता, हे मनातही आलं नव्हतं. ज्या हातानं आयुष्यभर शौचाचं पाणी घेतलं, त्याच हातानं आता जेवायचं. आणि आता शौचालाही तोच एक हात. हाताला क्षमता होती, माणसाला ती वापरायची परवानगी नव्हती. ओरेमच्या आठ सार्वत्रिक गरजांत शेवटची आहे ‘नॉर्मलसी’, चारचौघांसारखं असणं. मुली तिच्यापुढे ‘पेशंट कोऑपरेटिव्ह आहे’ असं काहीतरी लिहून मोकळ्या होतात. काकाजींच्या बाबतीत बाकी सात गरजा तिथेच अडल्या होत्या.

आम्ही काय केलं? चमचा आणला. चमच्यानं अन्नाला हात लागत नाही, एवढी पळवाट त्यांना पुरली. पण चमचा सरळ, त्यांना तोंडापर्यंत वळवता येईना. सुनेनं दांडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून तो जाड केला. ताट सरकत होतं, त्याखाली ओलं फडकं घातलं. काकाजी आधी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. अर्धं सांडायचं, सून उठून भरवायला बघायची. मी तिला सांगितलं, मामाजी जेवतात तेवढा वेळ तू हात बांधून बस, ही पण सेवाच आहे. बसणं तिला भरवण्यापेक्षा जड गेलं. भरवायला दहा मिनिटं लागत होती, स्वतः जेवायला पाऊण तास, आणि तिला निंदायला जायचं असे. तेव्हा तडजोड केली. सकाळी घाईच्या वेळी तिनं भरवायचं, रात्री त्यांनी स्वतः जेवायचं. पार्टली कॉम्पेन्सेटरी हा दुसरा प्रकार म्हणतात तो हाच. कोण काय करणार, हे वेळेनुसार वाटून घेणं. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर, हे मात्र त्यांनी एका दिवसात उचललं. त्यात लाज नव्हती ना.

एक गोष्ट मनात येते. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींना मालिश करताहेत, तो फोटो तू पाहिला असशील. कुष्ठरोगी माणसाला शिवायला लोक घाबरत होते, त्या काळात आश्रमात त्यांना कुटी बांधून दिली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. आपल्या भागातल्या प्रत्येक नर्सच्या मनात तो फोटो कुठेतरी असतो, असायलाच हवा. पण कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायाचं पुढचं काम सेवेकऱ्याच्या हातात राहत नाही. रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवणं, घट्टे दगडानं हळू घासणं, न पुसता तेल लावणं, जखम आहे का बघणं. हे वर्षानुवर्षं, दररोज करायचं असतं, आणि ते तो माणूस स्वतःच करू शकतो. दत्तपूर आणि आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतली माणसं नुसती शुश्रूषा घेत राहिली नाहीत, शेती आणि कामधंदा करत राहिली. गावात कुष्ठरोगाचे जुने पेशंट असतील तर त्यांच्याकडून पाय भिजवणं शिकून घे. ते तुझ्याआधीपासून ओरेम जगताहेत.

नर्सिंगचा तिसरा प्रकार सपोर्टिव्ह-एज्युकेटिव्ह, म्हणजे जिथे माणूस सगळं स्वतः करू शकतो आणि आपण फक्त आधार द्यायचा, शिकवायचं. तुम्ही मुली प्रत्येक गावकरी पेशंटला याच खणात टाकता, कारण तो चालत येतो. ओरेमनी मदतीच्या पाच रीती सांगितल्या आहेत: त्याच्यासाठी करणं, वाट दाखवणं, आधार देणं, शिकवणं आणि त्याला जमेल असं वातावरण तयार करणं. शेवटची सगळ्यात दुर्लक्षित. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एक मुलगा आश्रमशाळेत होता, वारंवार अंग दुखून यायचा. पाणी भरपूर प्यायचं हे त्याला तोंडपाठ. पण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि तासाला सर सोडत नाहीत, म्हणून तो प्यायचाच नाही. त्या पोराला मी आणखी काय शिकवणार होते? मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं: याला केव्हाही बाहेर सोडावं, बाकाजवळ पाण्याची बाटली ठेवू द्यावी, उन्हात कवायतीला उभं करू नये. माझ्या मते ते पत्र म्हणजेच त्या दिवशीचं नर्सिंग होतं. तुझ्या फाईलमध्ये त्याला रकाना नाही, तरी लिही.

थिअरीत खोट आहेच. ती एकेका माणसावर नजर ठेवते, आणि आपल्याकडे एकटा माणूस फार कमी भेटतो. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्याचा विचार ओरेमनी ‘डिपेंडंट-केअर’ म्हणून मांडला. पण काकाजींच्या सुनेचं बीपी कोण बघणार, हे तो शब्द आपणहून विचारत नाही. मी तिचं बीपी घेतलं ते सहज, यंत्र हातात होतं म्हणून. वाढलेलं निघालं. तेव्हापासून एका घराला मी दोन कागद करते, एक पेशंटचा आणि एक त्याच्याजवळ बसणाऱ्याचा. क्षमता गावातच रुजवता येते याचा पुरावाही विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू उतरले, आणि 1999 मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बायांकडे पदवी नव्हती, पण त्यांना करून दाखवायला लावलं होतं. आणि मजुरीची खोट नर्सनं भरून निघत नाही. तिथे आपण थिअरीला दोष देऊ नये आणि पेशंटलाही नाही.

तर तुझा केअर प्लॅन. ‘ज्ञानाचा अभाव’ खोड. त्याजागी लिही: तळवा बधिर व नजर अधू असल्यामुळे जखम ओळखता येत नाही, हात पोचत नसल्यामुळे पट्टी करता येत नाही, वेचणीच्या मजुरीमुळे पायाला विश्रांती देता येत नाही. लांबलचक दिसेल, तुझ्या मॅडम कदाचित लाल पेन फिरवतील. फिरवू दे. पण अशा प्रत्येक वाक्यापुढे करायचं काम आपोआप दिसतं. ‘ज्ञानाचा अभाव’ म्हटलं की पुढे एकच काम सुचतं, चौथ्यांदा भाषण देणं.

उद्या जाताना ड्रेसिंगचं सामान ने आणि एक हातभर आरसा. संध्याकाळी जा, ती वावरातून आल्यावर, घरात पोरगी असेल तेव्हा. आरसा दारातल्या उजेडात जमिनीवर ठेव आणि तिला वर पाय धरायला सांग. बहुतेक तिनं स्वतःची जखम अजून पाहिलेलीच नसेल. ती बघत असताना तू काही बोलू नकोस.